साडेपाचचा सत्कार

आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याचे खालचे दोन कप्पे माझ्या साड्यांचे आणि वरचे तीन ह्यांच्या शालींचे. पुण्यात उभ्या जन्मात एकही शाल मिळाली नाही असा माणूस दिवा घेऊन शोधायला हवा. साठी झाली की शाल, पंचाहत्तरी झाली की शाल, पुस्तक काढलं की शाल, निवृत्त झालं की शाल. यातलं काहीच केलं नाही तरी मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी शाल घालतोच. थंडी इथे मोजून पंधरा दिवस, शाली मात्र बारा महिने.

ह्यांना इतक्या मिळाल्या त्याला कारण शिष्यवृत्तीचे वर्ग. हे शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेच्या आधी, पहाटे, कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करून द्यायचे. फुकट. 'फुकट' म्हटलेलं ह्यांना चालायचं नाही, 'विनामूल्य' म्हणायचं. मुलं यायच्या आत मी अंथरुणं गुंडाळायची, केर काढायचा, सतरंजी घालायची आणि आत ओट्याशी बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावायचा. घर चालवायला तेवढा हातभार लागायचाच. लष्कराच्या भाकरी ह्यांनी भाजायच्या आणि पीठ मी मळायचं, असा आमचा संसार होता. मी कुरकुरायचे नाही असं नाही. चांगली मोठ्यानं कुरकुरायचे. पण सतरंजी रोज घातली.

ती मुलं मोठी झाली. कोणी इंजिनिअर झालं, कोणी डॉक्टर, कोणी नगरसेवक. मोठी झालेली मुलं काय करतात, तर जुन्या सरांचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शाल खांद्यावर पडली की ती व्यासपीठावर काढायची नाही, उकडून जीव गेला तरी. खाली उतरलं की एखादा कार्यकर्ता येतो, घडी घालून पिशवीत भरून देतो. मग रिक्षानं घरी. दाराशी आले की हे पिशवी माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ठेव." बस्स, एवढंच.

फॉल लावून लावून माझ्या बोटांना कापड कळतं. शाल हातात आली की कळायचं, लोकर किती आणि सोंग किती. तरी खात्री म्हणून मी एक उद्योग करायचे. ह्यांची पाठ वळली की शालीच्या दशांतला एक धागा ओढून गॅसवर धरायचे. खऱ्या लोकरीचा असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. नकली असेल तर धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. आमच्या घरी मणीच फार झाले. माझ्या नवऱ्याची पहाट वापरून जे मोठे झाले त्यांनी काय दिलं, ते मला असं चूल पेटवून बघायचं असायचं. हे वाईट आहे, मला माहीत आहे. ह्यांना कधी सांगितलं नाही. ह्यांना सगळ्या शाली सारख्याच वाटायच्या.

कपाटात मावेनाशा झाल्या की वाटाव्या लागायच्या. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना एक, दूधवाल्याच्या आईला एक, भावाच्या व्याह्यांना मानाची म्हणून एक. देवाला मात्र नाही. माणसाच्या अंगावर पडलेली शाल देवाला चालत नाही, देवासाठी कोरीच घ्यावी लागते, ती आम्ही दरवर्षी माघात ग्रामदैवताला वेगळी घ्यायचो. माणसांचं एवढं काही नसतं. माणसाला दुसऱ्याच्या अंगावरची चालते.

आता जे सांगायचं आहे त्याचं मूळ ह्यांच्या निवृत्तीच्या समारंभात आहे, तेव्हा ते आधी सांगते. शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी नारायणपेठी नेसले होते, मुलगा शेजारी बसला होता. शाल घालून झाली आणि हे सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. ह्यांनी मुख्याध्यापकांचे आभार मानले, सहकाऱ्यांचे मानले. घंटा देणाऱ्या शिपायाचे मानले आणि तो कसा एक मिनिटही चुकला नाही ते सांगितलं. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचे मानले. शाळेसमोर चहाची गाडी लावणाऱ्याचेसुद्धा मानले. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी बसलेल्या बाई, ह्यांच्या सहकाऱ्याच्या पत्नी, माझ्या मांडीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आता तुमचं." मी पदर सारखा केला. ह्यांनी दोन्ही हात जोडले, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," म्हणाले आणि खाली बसले.

घरी चालत येताना मी विचारलं. विचारायला नको होतं, हात दाखवून अवलक्षण. "चहावाल्याचे आभार मानलेत," मी म्हटलं, "माझं नाव तोंडात येईना?"

हे चालता चालता थांबले. खरंच आश्चर्य वाटलं होतं ह्यांना. "अगं, घरच्यांचे कोणी आभार मानतं का?" हे म्हणाले. "आभार परक्यांचे मानायचे. तुझे आभार मानले तर तू परकी झालीस ना."

तर्क बिनतोड होता. गणिताचेच शिक्षक. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ठीक आहे. मी पुन्हा तुमच्या एकाही कार्यक्रमाला येणार नाही." हे म्हणाले, "जशी तुझी इच्छा." आणि मी खरंच गेले नाही. वीस-बावीस वर्षं ह्यांचे सत्कार होत राहिले आणि मी घरी बसून धागे जाळत राहिले. ह्यांनी एकदाही आग्रह केला नाही, मीही एकदाही नमतं घेतलं नाही. पुणेरी माणसं आम्ही, आमचा ताठा ताटात वाढला तरी उरतो.

पुढे आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. मुलगा लग्न होऊन हडपसरला गेला, त्याचं ऑफिस तिकडे. आणि ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग सकाळचं जेवण झालं की नाही. मग पाढे. ज्या दिवशी एकोणतीसचा पाढा मध्येच अडला, त्या दिवशी हे बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभे होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं. मी ते लक्षात ठेवलं नाही, घरात एकानं विसरलं काय नि दोघांनी काय.

दिवसभर हे शांत असायचे. संध्याकाळचे साडेपाच वाजले की अंगात काहीतरी शिरायचं. उठून झब्बा घालायचे, केस विंचरायचे, आणि दाराशी जाऊन उभे. "गाडी आली नाही अजून? सहाला कार्यक्रम आहे." कोणता कार्यक्रम, कुठला कार्यक्रम, काही नाही. शेवटचा सत्कार होऊन तीन वर्षं झाली होती. मी सांगायचे, अहो, आज काही नाही. मग हे चिडायचे. एकदा माझी नजर चुकवून गेलेच. आळंदी रस्त्यावरच्या चौकात, भर गर्दीत, गाडीची वाट बघत उभे होते. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त बँक अधिकारी भाजी घेऊन येत होते, त्यांनी हाताला धरून आणलं. त्यानंतर मी दाराला कुलूप घालायला लागले. हे दार बडवायचे. ज्या माणसानं आयुष्यात आवाज चढवला नाही तो दार बडवत ओरडायचा, "मला कोंडून ठेवलंय, लोक खोळंबलेत!" सगळा जिना ऐकायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस मी वैतागले. सरळ वैतागले, त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. कपाट उघडलं, हाताला लागेल ती शाल ओढली आणि ह्यांच्या खांद्यावर टाकली. "घ्या. झाला सत्कार. बसा आता गप."

हे थांबले. दारावरचा हात खाली आला. दोन्ही हातांनी शालीचे काठ पुढे ओढून सारखे केले, घसा साफ केला आणि बोलायला लागले. "माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या मित्रांनो." जेवणाची आठवण नसलेला माणूस दहा मिनिटं न अडखळता बोलला. मुख्याध्यापक, सहकारी, घंटेचा शिपाई, चहावाला, सगळे जागच्या जागी. हात जोडले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "चहा मिळेल का?" चहा प्यायले, जेवले, झोपले. कित्येक महिन्यांत ती पहिली रात्र मी सलग झोपले.

मग काय, रोजचंच झालं. सुरुवातीला मी एकटीच उरकायचे. ह्यांना पटायचं नाही. "अध्यक्ष कुठायत?" विचारायचे. म्हणून समोरच्यांना बोलावलं. विधुर माणूस, संध्याकाळी रिकामाच. म्हणाले, "वहिनी, बँकेत असताना कोणी अध्यक्ष केलं नाही, इथे तरी करा." रोज साडेपाचला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. श्रीफळ आणायचं, आठवडाभर तेच फिरवायचं, मग फोडून चटणी. पुष्पगुच्छ म्हणून गॅलरीतली तगर. खुर्च्या तीन. हे जे मिळेल ते इतक्या गांभीर्यानं स्वीकारायचे की आपण खोटं करतोय याची मला पहिल्या आठवड्यात लाज वाटायची. नंतर वाटेनाशी झाली. लाजेलाही रोज रोज यायचा कंटाळा येत असेल.

परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सत्कारमूर्तींचा परिचय. मी सूत्रसंचालनाच्या आवाजात सांगायचे, की सरांनी अमुक इतकी वर्षं विनामूल्य वर्ग घेतले, सर पहाटे उठत. एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, "या सगळ्यात सरांना त्यांच्या पत्नीची साथ लाभली." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान डोलावली. आता बोलतील. आता म्हणतील. पण उत्तरात मुख्याध्यापक, सहकारी, शिपाई, चहावाला.

तेव्हापासून मला नाद लागला. वय झालेल्या बाईला शोभत नाही असा नाद. मला ते एक वाक्य हवं होतं. हे जायच्या आधी, निदान ह्यांचं बोलणं जायच्या आधी, सत्काराला उत्तर देताना ह्यांनी एकदा माझं नाव घ्यायला हवं होतं. मी परिचयात भर घालत गेले. पत्नी पहाटे उठून सतरंजी घालायच्या. पत्नी फॉल-पिको करायच्या. पत्नींनी कधी तक्रार केली नाही, असंही एकदा ठोकून दिलं, समोरच्यांनी भुवई वर केली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनीच एकदा अध्यक्ष या नात्यानं मध्ये विचारलं, "सर, वहिनींबद्दल दोन शब्द?"

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. "वेळेअभावी," हे म्हणाले, "सर्वांचाच नामोल्लेख करणं शक्य नाही."

समोरचे हसू दाबत खाली बघत राहिले. मलाही हसू आलं. आत जाऊन मात्र मी रडले.

मुलगा रविवारी यायचा. त्याला हे बघून कसंसंच व्हायचं. "आई, हे जरा वीअर्ड होतंय," म्हणाला, "तू बाबांना एन्करेज करतेयस. डॉक्टरांना विचारलंस का?" मी म्हटलं, विचारलं, ते म्हणाले, चाललंय ते चालू द्या. तुला बघवत नसेल तर सहानंतर येत जा. पण त्या रविवारी तो थांबला. तिसऱ्या खुर्चीवर बसला. ह्यांनी नेहमीचं उत्तर दिलं आणि शेवटी त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि हडपसरसारख्या लांबच्या ठिकाणाहून वेळात वेळ काढून आलेले हे पाहुणे, यांचेही मी मनःपूर्वक आभार मानतो." हात जोडले त्याच्यापुढे.

मुलगा उठला. चप्पल घालताना त्याला बंद लावता येईना. मला म्हणाला, "आई, मी निघतो. ट्रॅफिक लागेल." मी त्याला समजवायला हवं होतं. आई आहे मी. आणि मी काय केलं, तर त्याच्याकडे बघत मनात म्हटलं, ह्याला मिळालं. तासभर गाडी चालवून येतो आणि ह्याला आभार मिळतात, मला नाहीत. त्या पोराचा मला हेवा वाटला. बाप त्याला ओळखेनासा झाला हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. मी माझ्याच वाक्याच्या मागे लागले होते.

दिवाळीच्या पुढेमागे ह्यांचं उत्तर आखूड व्हायला लागलं. आधी प्रयोगशाळेतला मदतनीस गळला, मग सहकारी. डॉक्टर म्हणाले, हे आता उतरणीचंच आहे, बोलणंही जाईल. किती दिवसांत, ते सांगता येत नाही म्हणाले. मी घरी येऊन समोरच्यांना सांगितलं. त्यांनी मांडायला घेतलेली खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, एक सुचवू का? उद्या तुमचा सत्कार करू. सरांच्या हस्ते."

मी म्हटलं, "काहीतरीच काय."

"शाल सर घालतील. शाल घातली की घालणाऱ्याला बोलावं लागतं. तुमच्याबद्दलच बोलावं लागेल, दुसरं काय बोलणार?"

ही गोष्ट मला इतक्या दिवसांत कशी सुचली नाही? सरळ होतं. सत्काराला उत्तर देताना माणूस वाटेल ते बोलतो, पण सत्कार करताना समोरच्याबद्दलच बोलतो, रीतच आहे ती. मी म्हटलं, "बघू." बघू म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून तयारीला लागले. केस धुतले. साडी काढली, परत ठेवली, दुसरी काढली. कपाटातून शाल निवडायला अर्धा तास लागला. ज्यांच्या धाग्याची राख झाली होती अशा दोन-तीनच होत्या त्यात, त्यातली एक काढली. फिकट बदामी, काठ अगदी बारीक. गॅलरीत उन्हात झटकली. डांबरगोळ्यांचा वास काही जाईना. स्वतःसाठी शाल निवडताना मला आपण मूर्ख आहोत हे कळत होतं. हात थांबत नव्हते.

साडेपाचला हे झब्बा घालून आले. समोरचे म्हणाले, "सर, आज आपल्याला एक सत्कार करायचाय. आपल्या हस्ते." ह्यांना गंमत वाटली असावी. "अवश्य," म्हणाले. प्रमुख पाहुणे म्हणूनही हे पुष्कळ ठिकाणी गेले होते, सगळं ठाऊक होतं. शाल घेतली, एका झटक्यात उलगडली, माझ्या मागे आले आणि दोन्ही खांद्यांवर अशी ठेवली की एक सुरकुती पडली नाही. श्रीफळ दिलं. मी वाकून नमस्कार केला. मग माझ्या समोर येऊन उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागले. आवाज कितीतरी दिवसांनी स्वच्छ होता.

"मित्रहो," हे म्हणाले, "आजच्या कार्यक्रमाचा मला विशेष आनंद होतो आहे. या बाई पडद्यामागे राहून काम करतात. यांचं नाव मला या क्षणी आठवत नाही, त्याबद्दल क्षमा मागतो. पण काम मी पाहिलेलं आहे. या पहाटे उठतात. मला अंघोळ घालतात. घास भरवतात. मी कधी कधी यांच्यावर हात उगारतो, हे मला कळतं. नंतर कळतं. या रागावतात, पण सोडून जात नाहीत. चहा वेळेवर देतात."

समोरचे खुर्चीत पुढे सरकले. "सर, अहो, या तुमच्या..." मी त्यांना हातानं थांबवलं. का थांबवलं, मलाही नीट सांगता यायचं नाही. मला पुढचं ऐकायचं होतं.

"माझ्या कुटुंबानं हे बघायला हवं होतं," हे म्हणाले. "पण ती कार्यक्रमांना येत नाही. एकदा काहीतरी मनाला लागलं तिच्या. मी दरवेळी दाराकडे बघायचो, आली तर. मी आग्रह केला नाही. चूक झाली." हे जरा थांबले. धागा सुटला असं वाटलं, पण सुटला नव्हता. "असो. बाई, घरचं माणूस करणार नाही इतकं तुम्ही माझं केलंत. मी तुमचा अत्यंत आभारी आहे."

आणि ह्यांनी मला हात जोडले.

समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते चष्मा पुसत बसले. हे माझ्याकडे बघत राहिले, कारण आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. शाल घेतली की दोन शब्द बोलायचे असतात. वीस-बावीस वर्षं मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं भांडण होतं, आणि भांडायला समोर नवरा लागतो. मी एवढंच म्हटलं, "मी पण आभारी आहे, सर." ह्यांना 'सर' म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

हे खूश झाले. घड्याळाकडे बघितलं, मग खिडकीकडे. "बाई, तुमचं घर लांब असेल," म्हणाले. "उजेड आहे तोवर निघा. घरची माणसं वाट बघत असतील."

मी म्हटलं, जाते नंतर. हे ऐकेनात. "नाही, नाही, निघा," म्हणाले, "आमच्यामुळे उशीर नको." दारापर्यंत पोचवायला आले. सत्कारमूर्तीला दारापर्यंत सोडायचं असतं. मी पर्स घेतली, चपला घातल्या आणि माझ्याच घरातून बाहेर पडले. हे दारात उभे राहून बघत होते म्हणून एक मजला खाली उतरले. खालच्या पायऱ्यांवर बसून राहिले. शाल अंगावर होती, उकडत होतं. खालच्या मजल्यावरच्या सूनबाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, "काकू, कुठे कार्यक्रम होता का?" मी म्हटलं, हो.

दार लागल्याचा आवाज आला तरी आणखी थोडा वेळ बसले. मग वर गेले आणि बेल वाजवली. समोरच्यांनी दार उघडलं. आतून ह्यांचा आवाज आला, "कोण आहे?" समोरचे माझ्याकडे बघत राहिले. बिचारे.

मीच सांगितलं, "रात्रपाळीची बाई आलेय."

"या," हे आतून म्हणाले. "चपला बाहेर काढा."

मी चपला बाहेर काढल्या.